पार्क्स फेरीच्या बोर्डावर न चढणारा गुण

बोर्ड चुकलेला नाही, नचिकेत. तुम्ही दोघं मघापासून एकमेकांना कोपरानं ढोसताय ते दिसतंय मला. आमच्या पोरानं बॉल लाथाडला, तो त्या पश्चिमेच्या गोलखांबांमागे गेला, समोरच्यांना तो बाहेर काढता आला नाही, आणि पंचानं एक बोट वर केलं. म्हणजे आम्हाला एक गुण मिळाला. कॅनडाच्या फुटबॉलमध्ये ह्या एका गुणाला ‘रूझ’ म्हणतात. अमेरिकेच्या फुटबॉलमध्ये हे नाही, तिथं शोधायला जाऊ नका. आता बोर्डावर सहाचे सात व्हायला हवे होते, ते झाले नाहीत. टाळीसुद्धा वाजली नाही. आमचा एक खेळाडू स्वतः चालत गेला, बॉल उचलून आणला आणि समोरच्या कप्तानाच्या हातात दिला. ऋजुता, तू टाळी वाजवायला हात वर केलेस आणि शेजारच्या बाईंनी तुझ्याकडे असं काही बघितलं की तू ते हात खिशात घातलेस. वाईट वाटून घेऊ नकोस. चाळीस वर्षांपूर्वी मी तर उभा राहून शिट्टी मारली होती, आणि नंतर आठवडाभर किराणा दुकानात माझ्याशी कोणी धड बोललं नव्हतं.

पंचांच्या कागदावर तो गुण लिहिला जातो. लीगचा नियम आहे, त्याला कोण काय करणार. पण ह्या पार्क्स फेरी गावच्या बोर्डावर पश्चिमेकडचा एक गुण चढत नाही, आणि आमचा संघ त्या एका गुणानं जिंकला तर गाव त्याला जिंकलं असं म्हणत नाही. मध्यंतर आहे, वीस मिनिटं हातात आहेत. ती कॉफी प्या, गार होईल. का ते सांगतो. मी काही तेव्हा नव्हतो, इथल्या जुन्या माणसांनी मला सांगितलं तसं सांगतो.

ते गोलखांब दिसतात ना, त्यांच्यामागे उतार आहे आणि उताराखाली नदी. आता मध्ये कुंपण आहे. तेव्हा नव्हतं. गाव नुकतंच वसलेलं, रेल्वे येऊन चार-पाच वर्षं झालेली, आणि फुटबॉलचा हा तिसराच हंगाम होता असं सांगतात. खेळ म्हणजे निम्मी रग्बीच. पंधरा-पंधरा माणसं, डोक्याला काही नाही, अंगात लोकरीचे स्वेटर. नियम तर दर गावाचे वेगळे, दोन कप्तान सामन्याआधी बसून ठरवायचे. गोलरेषेमागे मैदान कुठं संपतं हा प्रश्न आला की इथले लोक म्हणायचे, नदीच्या पलीकडच्या काठाला. चेष्टेत म्हणायचे, पण तसंच खेळायचे.

संघाचा कप्तान होता आर्ची मॅकनॅब, गावचा लोहार. स्कॉटिश माणूस, दंड हे एवढे, आणि पायात अशी ताकद की त्यानं मारलेला बॉल खाली यायची वाट बघत लोक गप्पा मारायचे, म्हणे. दुसरा माणूस लक्षात ठेवा तो सिगुर्ड. आइसलँडहून आलेला, गावचा तबेला सांभाळायचा. इंग्रजी तोडकंमोडकं, बोलणं कमी. दोघांची रोज गाठ पडायची, कारण घोडे सिगुर्डचे आणि नाल ठोकणारा आर्ची. मित्र म्हणता येणार नाही, पण एकमेकांच्या कामाची कदर होती.

हिवाळ्यात नदी गोठली की घोड्यांना पाणी पाजायला सिगुर्ड बर्फात कुऱ्हाडीनं लांबट खाच पाडायचा. रात्रीतून त्या खाचेवर पापुद्रा धरतो, वर हिम पडलं की काही म्हणता काही कळत नाही, खाली वाहतं पाणी. म्हणून तो खाचेभोवती स्प्रूसच्या फांद्या खोचून ठेवायचा. स्प्रूस म्हणजे आपल्या देवदाराच्या जातीतलं झाड, हिवाळ्यातही हिरवं. आता ही फांदी इथं मिळणं काही सोपं नाही. येताना बघितलंत ना, क्षितिजापर्यंत सपाट माळ. ह्या भागात स्प्रूस नाहीच, तो उत्तरेहून रेल्वेच्या डब्यातून यायचा. सिगुर्डनं हमालांना सांगूनसवरून वीस-पंचवीस फांद्या मिळवल्या होत्या. अख्ख्या गावात हिरवं म्हणाल तर तेवढंच.

नोव्हेंबरचा शेवट होता. हंगामाचा शेवटचा सामना शेजारच्या कॅडवेल गावाशी, आणि जिंकेल त्याला जिल्ह्याचा कप. गावाचं नाव तोवर कोणी ऐकलेलं नव्हतं हो. नकाशावर नाही, आगगाडी थांबली तर थांबली. त्या कपाचं लोकांना किती वेड होतं ते आज कळायचं नाही.

सकाळी उठून बघतात तर वीतभर हिम. चुन्यानं आखलेल्या रेषा पांढऱ्याखाली पांढऱ्या, दिसणार काय डोंबल. आर्ची एकटाच लवकर मैदानावर आला होता. गोलरेषा दिसली नाही तर पंच सामना पुढं ढकलणार, आणि पुढं ढकलला की कॅडवेलचे दोन दुखापतवाले गडी बरे होऊन येणार, हे त्याला ठाऊक होतं. इकडेतिकडे बघताना त्याला नदीवर त्या फांद्या दिसल्या. त्यानं मनाशी म्हटलं, आज सगळं गाव सामन्याला असणार, घोडे सकाळीच पाणी पिऊन गेलेत, नदीवर कोण जातंय. खेळ संपला की परत खोचू. असं म्हणून त्यानं एकूण एक फांदी उपटली आणि पश्चिमेच्या गोलरेषेवर ओळीनं लावली. पांढऱ्यावर हिरवी रेषा, लांबून दिसेल अशी. येणारा जाणारा म्हणाला, शाबास आर्ची. कुठून आणल्यास असं कोणी विचारलं नाही. हे ध्यानात ठेवा, कोणी विचारलं नाही.

सामना झाला तो तोडीस तोड. उजेड जात चालला तरी बरोबरी सुटेना. मग शेवटच्या मिनिटाला बॉल आर्चीकडे आला, आणि त्यानं जीव खाऊन लाथ मारली. बॉल खांबांच्या बाहेरून गेला, फांद्यांच्या मागे पडला, उतारावरून गडगडत नदीच्या बर्फावर गेला. आता कॅडवेलच्या कोणीतरी तो उचलून रेषेच्या बाहेर आणला तर बरोबरी, नाही आणला तर एक गुण आणि कप आमचा. कॅडवेलचा विल्फ टॅनर नावाचा गडी त्याच्यामागे धावला. बावीस-तेवीस वर्षांचा असेल, विधवा आईचा एकुलता एक, त्यांच्या संघातला सगळ्यात चपळ.

आर्चीला फांद्या आठवल्या. विल्फ उतारावर पोचला तेव्हाच आठवल्या, हे त्यानं पुढं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, म्हणून आपल्याला माहीत. ओरडायला त्यानं तोंड उघडलं होतं. पण ओरडलो तर पंच शिट्टी मारणार, शिट्टी मारली की किक बाद, पुन्हा मारायची, आणि अंधार पडतोय. तो इतक्या लांब जाणार नाही, असं त्याला वाटलं. बर्फावर पाय घसरेल, परत फिरेल. दोन श्वास, फार तर तीन, एवढाच वेळ तो गप्प राहिला. विल्फनं बॉल उचलला, वळला, आणि बाहेर यायचा जवळचा रस्ता धरला. तो रस्ता खाचेवरून होता, आणि सकाळपासून तिच्यावर पापुद्रा धरून वर हिम उडून बसलं होतं.

पंचाचा हात वर झालेला होता. लोक टोप्या उडवत होते. नदीवर माणूस नाही हे कळायलाच वेळ लागला म्हणतात, आणि कळलं तरी पुढचे दोन-तीन क्षण मागचे लोक आनंदानं ओरडतच होते. मग सगळे धावले. दोर आणले, शिड्या आणल्या, बर्फ फोडला. खाली पाण्याला ओढ होती. विल्फ सापडला तो वसंतात, बर्फ वितळल्यावर, कितीतरी मैल खाली.

शोधणाऱ्यांचे हात बधिर व्हायला लागले, म्हणून काठावर शेकोटी पेटवली. आर्चीनं काय केलं, गोलरेषेवरच्या सगळ्या फांद्या उपटून त्या शेकोटीत टाकल्या. बघणाऱ्यांना वाटलं, बिचारा मदत करतोय. ओल्या फांद्या, चरचर आवाज करत जळाल्या, म्हणे. हे सांगताना इथली म्हातारी माणसं नेहमी इथं थांबायची. मीपण थांबतो. सवय झाली.

सिगुर्ड तेव्हा मैदानावर नव्हता, पाहुण्यांचे घोडे सांभाळत तबेल्यात होता. ओरडा ऐकून आला तोवर फांद्यांची राख झालेली. लोकांनी त्याला खाच दाखवली आणि विचारलं, खुणा कुठं आहेत? तो म्हणाला, लावल्या होत्या. कुठं आहेत मग? त्याला सांगता येईना. झालं, गावाला जे हवं होतं ते मिळालं. परका माणूस, भाषा येत नाही, कामात हयगय केली आणि एका आईचा मुलगा गेला. कप मात्र आला. तो दुकानाच्या खिडकीत मखमलीवर ठेवला.

तुम्ही म्हणाल, रेषेवरच्या फांद्या तर तीनशे माणसांनी बघितल्या होत्या, मग कुणाच्याच डोक्यात प्रकाश पडला नाही? मीपण हेच विचारलं होतं. मला हे सगळं सांगणारी आग्नेस नावाची शिक्षिका होती, तिची आजी त्या गर्दीत होती. ती म्हणाली, “श्रीधर, आमच्याकडे झाड कुठं होतं? फांद्या कुठून आल्या हे सगळ्या गावाला कळलं होतं. पण कप खिडकीत होता.” लाज वाटायची तिला हे सांगताना. शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट, तिचा जन्मसुद्धा नव्हता, तरी मान खाली घालून बोलायची.

पुढं लोकांनी सिगुर्डच्या तबेल्यात घोडे ठेवणं बंद केलं. त्याच्या बायकोला दुकानात सगळ्यांच्या शेवटी माल द्यायचे. तो मात्र एका गोष्टीच्या मागे लागला होता. एके दिवशी नाल ठोकून घ्यायच्या निमित्तानं तो आर्चीकडे आला आणि म्हणाला, “आर्ची, त्या सकाळी तू सगळ्यात आधी मैदानावर होतास. माझ्या फांद्या दिसल्या का तुला?”

आर्ची घोड्याचा खूर मांडीवर घेऊन बसला होता. मान वर न करता म्हणाला, “माझं लक्ष नव्हतं.”

एवढंच बोलला. सिगुर्डनं मान हलवली, घोडा घेतला आणि गेला.

माणसाचं काय होतं बघा. ‘तुझं बरोबर आहे’ असं कोणीच म्हटलं नाही की आपला आपल्यावरचा विश्वास उडतो. सिगुर्ड बायकोला विचारायला लागला, मी त्या दिवशी खरंच फांद्या लावल्या होत्या का गं? आदल्या दिवशी लावल्या आणि त्या दिवशी विसरलो असेन का? ती म्हणायची, लावल्या होत्यास, मी वरून बघितल्या. पण ती त्याची बायको, तिचं कोण ऐकणार. त्याचं त्यालाही पटेना. जानेवारीच्या कडाक्यात तो बर्फगाडी जुंपून एकटा कॅडवेलला गेला आणि विल्फच्या आईच्या दारात उभा राहिला.

ही हकिगत आर्चीला कळली ती कॅडवेलच्या एका शेतकऱ्याकडून. तो नांगराचा फाळ घेऊन आला होता, आणि भट्टीजवळ हात शेकत सहज बोलून गेला, “तुमचा घोडेवाला आला होता टॅनरबाईकडे. गुडघ्यावर बसला. म्हणाला, मी विसरलो, तुमचा मुलगा माझ्यामुळे गेला. ढसाढसा रडत होता. बाईनं त्याला उठवून चहा दिला.”

आर्चीच्या हातातला घण तसाच राहिला. ज्यानं केलं नाही त्यानं माफी मागितली, आणि ज्यानं केलं तो फाळाला धार लावतोय. त्या दिवशी त्यानं भरदुपारी भट्टी विझवली. गावानं असं कधी बघितलं नव्हतं, कुणाचं मयत झाल्याशिवाय लोहार भट्टी विझवत नाही.

दुसऱ्या दिवशी तो कॅडवेलला गेला. टॅनरबाईंच्या स्वयंपाकघरात उभा राहून त्यानं सगळं सांगितलं, फांद्या, ते तीन श्वास, शेकोटी आणि ‘माझं लक्ष नव्हतं’सुद्धा. बाई ऐकत होत्या. रागावतील, हाकलून देतील, हातात येईल ते फेकून मारतील, अशी त्याची तयारी होती. खरं सांगायचं तर त्याला तेच हवं होतं. बाईंनी एकच विचारलं, “हे तू त्या घोडेवाल्याला सांगितलंस?”

तो म्हणाला, “नाही. आधी तुमच्याकडे आलो.”

“माझ्याकडे कशाला आलास? माझा मुलगा काही परत येत नाही. तो माणूस अजून जिवंत आहे. जा, त्याला सांग.”

आर्ची आला तसा उलटा फिरला. घोड्याच्या तोंडाला फेस आला तरी थांबला नाही. पार्क्स फेरीत पोचला तर तबेल्याला कुलूप. शेजारी म्हणाले, सकाळी नवराबायको गेले, सामान फार नव्हतंच. कुठं गेले? उत्तरेला, सरोवराच्या बाजूला, त्यांची आइसलँडची माणसं आहेत तिकडे. एक दिवस, बघा. एक दिवस आधी तो थेट शेजारच्या गल्लीत गेला असता तर काम होतं.

तो उरलेला हिवाळा आर्चीनं सरोवराकाठी काढला, ह्या वस्तीतून त्या वस्तीत, सिगुर्ड नावाच्या प्रत्येक माणसाचं दार वाजवत. आणि आइसलँडच्या लोकांत सिगुर्ड म्हणजे किती असतील, विचार करा. त्यांच्या भाषेतल्या वर्तमानपत्रात निवेदन दिलं. उत्तर आलं नाही. कोणी म्हणतात ते जोडपं आणखी पश्चिमेला गेलं, कोणी म्हणतात परत मायदेशी गेलं. सिगुर्डला कधी कळलं की नाही, हे आजपर्यंत कोणाला माहीत नाही. बहुतेक नाहीच कळलं. आपण एका पोराला मारलं असं समजूनच तो माणूस म्हातारा झाला असेल.

वसंतात आर्चीनं गावासमोर सगळं कबूल केलं.  त्याला दोष द्यायला कुणाची जीभ रेटेना, कारण प्रत्येकाला आपापली चूक ठाऊक होती. कप कॅडवेलला पाठवला तर त्यांनी परत पाठवला, आम्हाला तो दिसायला नको म्हणून. मग तो कुठं गेला ह्याबद्दल इथं चार माणसं चार गोष्टी सांगतात, मी त्यात पडत नाही. जिल्ह्याच्या दप्तरात तो हंगाम अजून आमच्याच नावावर आहे असं म्हणतात.

पुढच्या शरदात पहिला सामना लागला. आर्ची खेळणार नव्हता, त्यानं खेळ सोडला होता. पण तो मैदानावर आला, पश्चिमेच्या खांबांपाशी जाऊन नदीकडे तोंड करून उभा राहिला, आणि सिगुर्डला जे सांगायचं राहिलं होतं ते मोठ्यानं बोलला. त्याच सामन्यात आमच्या कुणीतरी मारलेला बॉल तिकडे गेला आणि एक गुण मिळाला. बोर्डावर आकडे टांगणाऱ्यानं आकडा हातात घेतला आणि खाली ठेवून दिला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून तो गुण तिथं चढत नाही.

आर्ची जिवंत होता तोवर दर हंगामाला येऊन बोलायचा. तो गेल्यावर गाव विचारात पडलं, आता कोण बोलणार? तेव्हाचा कप्तान म्हणाला, मी बोलतो. मग एका आइसलँडच्या आजीबाईंनी सांगितलं, त्या माणसाला तुमचं इंग्रजी धड कळत नव्हतं, त्याच्या भाषेत बोला. शब्द तिनंच शिकवले.

आता घरचं सांगतो. आमचा कौस्तुभ पंधरा वर्षांपूर्वी कप्तान झाला. ह्या सामन्याच्या पत्रकाच्या मागच्या बाजूला जुन्या कप्तानांत फोटो आहे बघा त्याचा, कान बाहेर आलेले, माझ्यावर गेलाय. हंगामाच्या आधी आठवडाभर घरात जेवताना हा तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचा. त्याची आई, हेमलता, म्हणाली, पोरगं बिघडलं. मी विचारलं तर म्हणाला, बाबा, ते नदीवरचं पाठ करतोय. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, अरे तू सांगलीच्या खांबेट्यांचा मुलगा, तुझा काय संबंध? तुझ्या पणजोबांनी बर्फ बघितला नव्हता. तू कशाला म्हणायचं की मी केलं? ‘त्यानं केलं’ असं म्हण हवं तर. भात चिवडत म्हणाला, “बाबा, ‘त्यानं केलं’ म्हणणारे तेव्हा गावात पुष्कळ होते.”

 मी उठून हात धुतले.

कौस्तुभ बोलला त्या वर्षी. इथं ह्याच फळीवर मी मान खाली घालून बसलो होतो. नोकरीत, भावाच्या बाबतीत, मी गप्प राहिलो ते कितीतरी जुने प्रसंग मला आठवत होते. ते कोणते ते विचारू नका, सांगणार नाही.

आजही हंगामाच्या पहिल्या सामन्याला, शिट्टी व्हायच्या आधी, आमचा कप्तान एकटा चालत त्या खांबांपाशी जातो. यंदा एक फिलिपिनो पोरगी आहे कप्तान, मागच्या वर्षी युक्रेनियन होता. टोपी काढतात, नदीकडे तोंड करतात आणि सिगुर्डच्या भाषेत म्हणतात, “सिगुर्ड, फांद्या तू लावल्या होत्यास. त्या मी काढल्या.” आणि मग समोरचा माणूस काही बोलेल म्हणून आपण थांबतो ना, तेवढं थांबतात. सगळं मैदान थांबतं. पलीकडून काही येत नाही. मग कप्तान परत फिरतो, आणि खेळ सुरू होतो.